डेल्बर्टचा मेजर

छोटा, पाळण्याजोगा बोआ साप कसा निवडावा, हे डेल्बर्ट क्रंपला विचारा! नाही विचारलंत तरी तो सांगेलच म्हणा. गेले सहा महिने अमेरिकेतल्या अख्ख्या टुसॉन शहरात या गृहस्थाने दुसऱ्या विषयावर तोंड उघडलं नव्हतं.

सात वर्षांचा असताना त्याला साप हवा होता. आईने हाकलून लावलं. आता एकसष्टाव्या वर्षी बायको, लोर्ना, एकदाची ‘हो’ म्हणाली होती. पण अट घालून.

“एकच साप. आणि लहान! दुसरा दिसला, की पहिल्यासकट बाहेर.”

“अगं, सँड बोआचा नर आणतो. नर काही फार वाढत नाही. माझा अभ्यास आहे!”

अभ्यास म्हणजे अकरा व्हिडिओ.

सापांच्या प्रदर्शनात तो थेट मार्सीच्या टेबलाशी गेला. ही बाई वीस वर्षं बोआ वाढवतेय. तिने एक डबी पुढे केली. “हा घ्या साहेब. नर आहे, शांत आहे.”

“हा? हा तर बुटाची नाडी दिसतोय!” डेल्बर्टने नाक मुरडलं आणि पलीकडच्या गुबगुबीत, नारिंगी सापाकडे बोट दाखवलं. “तो द्या.”

“ती मादी आहे. डब्यावर लिहिलंय बघा. आणि वसंतात तिला नरासोबत...”

“बाई, शेपटी बघा शेपटी! चांगली लांब आहे. हा नरच. मला शिकवू नका!”

मार्सीने खांदे उडवले. “न्या. परत घेणार नाही, सांगून ठेवते.”

त्याने सापाचं नाव ठेवलं मेजर. पण मेजर काही खाईना! डेल्बर्ट सापासाठी आणलेला, फ्रीजरमधला गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात नरम करायचा, चिमट्यात धरून नाचवायचा. मेजर ढिम्म.

“नर असतात असे उपाशी,” तो म्हणाला.

“खात नाही, आणि फुगतोय?” लोर्ना म्हणाली. “तू डाएटवर असलास की अस्संच होतं!”

मग त्याने निदान केलं, बद्धकोष्ठ! त्यावर साप पाळणाऱ्यांचा ठरलेला इलाज म्हणजे कोमट पाण्यात बसवणं. हा इलाज या शहाण्याने केला कुठे, तर रविवारी, अंगणात, मांस भाजायला जमलेल्या पाहुण्यांसमोर! मेजरला टबात ठेवलं, झाकण लावलं आणि नर कसा ओळखावा यावर तासभर प्रवचन झोडलं. माणसं उपाशी, मांसाचा कोळसा.

“आता बघा!” म्हणत त्याने झाकण उघडलं.

टबात मेजर होताच. शिवाय तेरा छोटे मेजर वळवळत होते!

लोर्नाचा भाऊ वेंडेल वाकून म्हणाला, “पण अंडी कुठायत?”

“बोआ अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात,” डेल्बर्ट सवयीने म्हणून गेला, आणि मग आपण काय बोललो, हे त्याच्या लक्षात आलं. वेंडेल हसता हसता खुर्चीवरून पडला.

पाहुणे गेल्यावर लोर्ना शांतपणे म्हणाली, “मी एक म्हणाले होते.”

“अगं, चोपन्न वर्षं वाट बघितली गं!” डेल्बर्टचे डोळे खरंच भरून आले.

दोन आठवड्यांनी लोर्ना स्वतः सगळी वरात घेऊन मार्सीकडे गेली. “परत घेत नाही म्हणाले होते,” मार्सी हसली, “पण पिल्लांसकट असेल तर आणा!” तिने पिल्लं तपासून एक नर काढून दिला. तो लोर्नाच्या बोटाला वेटोळं घालून गपगार बसला.

“हा राहील,” लोर्ना घरी येऊन म्हणाली. “लहान आहे, आणि मुख्य म्हणजे गप्प बसतो.”

त्याचा डबा आता तिच्या शिवणाच्या खोलीत असतो. डेल्बर्टला दार वाजवून आत जाता येतं. उंदीर नरम करण्याचं काम मात्र त्याच्याकडेच आहे, कारण त्याचा अभ्यास आहे.