शरणम्माचा ताप आणि म्हशीचा अहवाल

वेळेवर निदान हा सार्वजनिक आरोग्याचा पाया आहे, हे सर्वांना मान्य आहे. वेळ कोणाची धरायची, हे मात्र अद्याप ठरलेलं नाही.

जळकोटजवळच्या एका गावात चन्नबसप्पा नावाचे दुकानदार आहेत. त्यांच्या मुऱ्हा म्हशीची धार शरणम्मा काढायची. वय एक्केचाळीस, कामाला खाडा नाही. गेल्या वर्षी तिला संध्याकाळी ताप भरू लागला. घामानं लुगडं भिजायचं, सकाळी उतार पडायचा आणि ती धारेला जायची. (सकाळी बरं वाटणं ही रुग्णाची चूक समजावी. दवाखाने सकाळी उघडतात.)

आठ महिन्यांत तिची चार निदानं झाली. जळकोटला टायफॉईड, उदगीरला मलेरिया, लातूरच्या एका मोठ्या दवाखान्यात अशक्तपणा. नांदेडला बहिणीकडे गेली, तिथल्या डॉक्टरांनी विचार कमी करायला सांगितलं. ती तसाही करत नव्हती. तापात सुचत नाही. सलाईनच्या सतरा बाटल्या लागल्या. रक्तही तपासलं, पण कशासाठी तपासायचं हे कुणी न ठरवल्यामुळे त्यात काही सापडलं नाही. कंबर आणि डावा खुबा दुखतो, असं ती प्रत्येक ठिकाणी सांगायची. बायांची कंबर दुखतेच, यावर चारही डॉक्टरांचं एकमत होतं. (असं एकमत वैद्यकात दुर्मीळ.)

मग म्हैस गाभडली, दिवस भरण्याआधीच गाभ पडला.

चन्नबसप्पांनी फोन केला. डॉ. आनंदराज हे पशुवैद्यक, मूळचे मुदखेडचे, दुपारच्या आत गोठ्यात हजर झाले. त्यांनी म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक उतरवून घेतला, आधीचे आजार विचारले, रक्त घेतलं. सहाव्या दिवशी अहवाल आला: ब्रुसेला. जनावरापासून माणसाला होणारा रोग. धार काढणाऱ्याला, वासरामागून पडणारा जार उचलणाऱ्याला, कच्चं दूध पिणाऱ्याला.

जार कोण उचलतं, असं त्यांनी विचारलं. शरणम्मा म्हणाली, मीच. मागल्या वर्षी गाभडली तवा बी मीच. मग त्यांनी विचारलं, संध्याकाळी ताप येतो का, कंबर दुखते का. आठ महिन्यांत प्रथमच कुणीतरी तिला उत्तर ठाऊक असल्यासारखं विचारत होतं. तिनं पदर डोळ्याला लावला. आनंदराजांनी नव्हे, कायद्यानं हात आखडता घेतला: माणसं तपासायची त्यांना परवानगी नव्हती. त्यांनी म्हशीच्या अहवालाची प्रत तिच्या हाती दिली.

ती घेऊन शरणम्मा लातूरच्या त्याच दवाखान्यात गेली. खिडकीवरच्या कारकुनानं समोरच्या कागदावरून केसपेपर भरला: वय सात वर्षे, वेत तिसरं. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि खुर्ची पुढं ओढली. बाईच्या तक्रारीवर आठ महिने न बसलेला विश्वास म्हशीच्या कागदावर दहा मिनिटांत बसला. चार दिवसांत तिच्याही रक्तात ब्रुसेला निघाला. केसपेपरच्या आधारे सूचनाही लिहून आल्या: रुग्णास वेगळं बांधावं, चारापाणी जागेवर द्यावं. नर्सनं त्या वाचून दाखवल्या.

"चालंल की," शरणम्मा म्हणाली. "बसून तरी ऱ्हाईन."

सहा आठवडे गोळ्या झाल्या. ताप गेला. खुबा मात्र आतून झिजला होता, तो भरून येणार नव्हता. डॉक्टर म्हणाले, आठ महिने आधी यायला पाहिजे होतं.

"आले व्हते की. ह्याच बाकड्यावर बसले व्हते."

डॉक्टरांनी तशी नोंद घेतली: रुग्ण उशिरा आली.

शरणम्मा आता काठी टेकत चालते. उकिडवं बसता येत नाही, त्यामुळे धारेचं काम सुटलं. चन्नबसप्पांनी दुसरी बाई लावली.

ही हकीकत मी लातूर आणि नांदेडच्या अकरा सुशिक्षित माणसांना सांगितली. अकराही जणांनी ती शांतपणे ऐकली, हळहळ व्यक्त केली आणि एकच गोष्ट विचारली: म्हशीचं पुढं काय झालं?

वाचकहो, आपलाही प्रश्न बाराव्या क्रमांकावर नोंदवून घेतला आहे.