खालची पायरी

रोनाल्ड डिमेलो भिंतीला टेकवलेल्या कुठल्याच वस्तूवर विश्वास ठेवत नाही. कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये नुसता झाडू टेकवलेला असला तरी तो थांबतो, वाकून त्याचं बूड बघतो आणि लांबून वळसा घालून जातो. मी एकदा कँटीनच्या भिंतीला टेकून चहा पीत होतो, तर म्हणाला, "सरळ उभा राहा रे. चप्पल गुळगुळीत झालीय तुझी."

त्याचा ठरलेला प्रश्न एकच. "खाली कोण आहे?" कुठे रंगकाम चालू असो, कुठे केबलवाला चढलेला असो, रोनाल्ड रस्त्यावरूनच ओरडून विचारणार. वरून जी उत्तरं येतात ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

आमची दोस्ती भीतीपोटी झाली. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स नावाचा विषय असतो. बारावीपर्यंत ज्यांना आपण हुशार आहोत असं वाटत असतं, त्यांची तिथे वाट लागते. मॅडम वर्गात शिरल्या की आम्ही मागच्या बाकांवरचे श्वाससुद्धा जपून घ्यायचो. भांडुपहून निघतानाच माझ्या पोटात गोळा यायचा, आणि माझं पोट बघता त्याला जागा भरपूर होती. शेजारी रोनाल्ड, पेन घट्ट धरून.

बाकीची गणितं त्याला यायची. तो अडायचा शिडीपाशी. भिंतीला शिडी लावलीय, एक माणूस चढतोय, शिडी घसरण्याआधी तो किती वर जाऊ शकेल, असं ते गणित. आम्ही आकडे घालून मोकळे व्हायचो. रोनाल्ड शिडी काढायचा, माणूस काढायचा आणि त्याच्याकडे बघत बसायचा. एकदा मॅडमनी त्याला फळ्यावर बोलावलं. त्याने शिडी काढली, तिच्यावर माणूस काढला आणि म्हणाला, "मॅडम, त्याला उतरायला सांगू या ना."

वर्ग खो खो हसला. मीही हसलो.

परीक्षेत त्याने तिथेच अडकून पुढचा सगळा पेपर सोडला. मी कसाबसा सुटलो, त्याला केटी लागली, म्हणजे विषय राहिला आणि पेपर पुन्हा द्यायचा. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. आता या वेळी विषय सुटला नाही तर पुढच्या वर्षात प्रवेश नाही, अशी वेळ आली.

म्हणून रविवारी मी त्याला शिकवायला मरोळच्या गावठाणात गेलो. घराला कुलूप होतं. शेजारणीने चर्चमागच्या हॉलकडे बोट दाखवलं. हॉलच्या भिंतीला उंच शिडी लावलेली होती. वर त्याचे पप्पा दिव्यांच्या माळा बांधत होते. ते लायटिंगची कामं घेतात. सगळ्यात खालच्या पायरीवर दोन्ही पाय रोवून रोनाल्ड उभा होता, पुस्तक बगलेत.

"शाळेत होता तेव्हापासून असाच उभा राहतो," पप्पा वरून म्हणाले. "एकदा शिडी सरकली, माझा पाय मोडला. तेव्हापासून हा हलत नाय. तूच सांग ना त्याला, अभ्यास कर म्हणून."

रोनाल्डने माझ्याकडे मान वळवली नाही. हळू आवाजात म्हणाला, "शुक्रवारी पेपर आहे, आणि शुक्रवारीच पप्पांना लग्नाचं काम आहे. मी नाय जात पेपरला."

"अरे, वर्ष जाईल तुझं."

"आणि पास झालो तर? मग रोज कॉलेज, मग नोकरी. इथे खाली कोण आहे?"

इतके दिवस मी त्या प्रश्नाची टिंगल करत आलो होतो. त्या दिवशी मला त्याची भीती वाटली.

"शुक्रवारी मी राहतो उभा," मी म्हणालो.

त्याने मला पहिल्यांदाच नीट न्याहाळलं. "वजन किती तुझं?"

सांगितलं. ज्या आकड्यावरून मला सगळ्यांनी चिडवलं, तो ऐकून त्याचा चेहरा खुलला. "झकास. खालच्या पायरीवर जेवढं वजन, तेवढी शिडी कमी घसरते. दोन्ही पाय पायरीवर ठेवायचे. फोन वाजला तरी उचलायचा नाय."

शुक्रवारी मी उभा राहिलो. वर पप्पांनी पाऊल टाकलं की शिडीतून माझ्या तळव्यांपर्यंत थरथर यायची. मेकॅनिक्सच्या पेपरलाही मी इतका घाबरलो नव्हतो. नाकावर माशी बसली, ती हाकलायचंही धाडस झालं नाही. मधूनच पप्पा विचारायचे, "आहेस ना रे बाबा?" मुलाला अभ्यासाला पिटाळणारा हा माणूसही इतकी वर्षं आतून घाबरत होता, हे मला तेव्हा कळलं.

दुपारी रोनाल्ड पेपर देऊन आला. आधी त्याने वर पाहिलं, मग शिडीच्या बुडाशी, मग माझ्याकडे.

"शिडीचं आलं होतं?" मी विचारलं.

"आलं होतं. केलं."

"किती वर गेला माणूस?"

"अर्ध्याच्या जरा वर. पुढे घसरते."

"आणि लिहिलंस तसं?"

"लिहिलं ना." मला बाजूला सारून तो पायरीवर चढला आणि त्याने दोन्ही पाय रोवले. "त्या माणसाच्या खाली कोणीच नव्हतं रे. मग तो पप्पा कसा असेल?"