सात कवळ्या आणि चौथी आवृत्ती

"हात्तिच्या! अर्ध्या तासाचं काम!" लेकीनं आईला छातीठोकपणे सांगितलं.

बाबा कवळ्या बनवायचे. ते गेले तेव्हा कपाटात सात तयार कवळ्या सात डब्यांत बसून होत्या. डब्यांवर नुसते आकडे. नावं कॉम्प्युटरमध्ये, कारण बाबा म्हणत, "कवळी म्हणजे झाकली मूठ. डबीवर नाव घातलं की चारचौघांत उघडी पडते."

त्यांच्यापाठोपाठ त्यांच्या कॉम्प्युटरनंही मान टाकली. उरली डेटाबेसची एक प्रत. लेक प्रोग्रॅमर, स्वतःचा कामाचा कॉम्प्युटर घेऊन माहेरी आलेली. त्यावर डेटाबेसचं सॉफ्टवेअर टाकायचं, नावं वाचायची आणि बाबांच्या हातचं शेवटचं काम ज्याचं त्याच्या तोंडात पोचवायचं. बस्स!

"त्यापेक्षा सगळ्यांना बोलावून घालूनच बघू," काकांनी सुचवलं.

"एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात? शी!" आई म्हणाली. "भावोजी, माणसं आहेत ती, खुंट्या नव्हेत!"

सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या चार. लेकीनं फुकटची छोटी घेतली. सात नावांसाठी हत्ती कशाला पाळायचा?

छोटीनं डेटाबेस हुंगला आणि तोंड फिरवलं. आकार मर्यादेबाहेर! बाबांनी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या जबड्याचं स्कॅन त्यात साठवलेलं. वर्षानुवर्षांचे जबडे आत दाटीवाटीनं बसले होते.

मधली घेतली, तर ती परवान्याचा नंबर मागत दारातच बसली. मोठी मुदतीपुरती फुकट मिळाली. पण ती निघाली जुन्या सालची. "हा डेटाबेस माझ्यापेक्षा नवा आहे," म्हणून अडली. नव्या सालची आणली, तर डिस्क भरली! जागा करायला लेकीनं काहीबाही पुसलं, त्यात छोटीचे अर्धे अवयव गेले. आता ती धड चालेना, धड निघेना; आणि जागा होईस्तोवर मोठीची फुकटची मुदत संपली.

इकडे सातही गिऱ्हाइकांचे फोन थांबेनात. मुख्याध्यापिका बाईंचं रविवारी भाषण होतं. त्या दातांशिवाय इतकं तळमळून बोलल्या, की आईनं "राँग नंबर" म्हणून फोन ठेवला!

लेक डोकं धरून बसली. बाबा असते तर त्यांना विचारलं असतं, आणि बाबा असते तर विचारावंच लागलं नसतं.

"अगं, ती चौथी का नाही घेत?" काकांनी विचारलं.

"ती डेव्हलपरांची, काका. फुकट, आणि मोठीत आहे ते सगळं तिच्यात आहे."

"आणि तुझा कॉम्प्युटर कसला?"

"डेव्हलपमेंटचा."

"म्हणजे काखेत कळसा!"

"पण अट आहे. प्रोग्रॅम बनवायला आणि चाचणीलाच वापरायची. धंद्याला नाही."

"आता कसला धंदा?" आई म्हणाली.

लेकीनं मुकाट्यानं चौथी टाकली.

आणि डेटाबेस उघडला! काकांनी टाळी वाजवली. आईनं फोनवर फोन करून सातही जणांना बोलावून घेतलं. मग लेकीनं नावांचा रकाना वाचला.

एक: बोलताना थुंकी उडते. दोन: सतत शिट्टी वाजवतात. तीन: हसताना तोंडावर हात धरतात. खाली सगळं त्याच चालीचं. बाबांनी इथंही मूठ झाकलेलीच ठेवली होती!

बैठकीच्या खोलीत सात बोळकी तोंडं ओळीनं बसलेली.

"जरा बोलता का?" लेक म्हणाली. सातही जण एकदम बोलले. तिचा चष्मा भिजला.

"बरं, शिट्टी?" सात तोंडांतून नुसता वारा!

राहिलं हसणं. पण दुःखाच्या घरात हसणार कोण? शेवटी तिनं आपल्या चार आवृत्त्यांची सगळी फजिती सांगितली. काखेतल्या कळशापाशी मुख्याध्यापिका बाई फिस्सकन हसल्या. मग सगळेच. आईसुद्धा, कितीतरी दिवसांनी. लेकीनं चष्मा पुसून आशेनं पाहिलं.

सात तोंडं. सातांवर हात!



"भावोजी," आईनं डोळे टिपत सुस्कारा सोडला, "कवळ्या बुडवायला औषधाच्या पाण्याचं मोठं पातेलं आणा. हिची आवृत्ती चाचणीचीच आहे ना? मग घ्या चाचणी!"