खुन्याची पाठ

सोनूबाईच्या पोरीचा, श्रुतीचा खून झाला त्याला तीन वर्सं झाली. एकाच माणसानं पाच बायका मारल्या, त्यातली ती शेवटची. शेवटची, कारण मरता मरता तिनं त्याचा अंगठा असा चावला की टाके घालायला त्यो दवाखान्यात गेला आणि तिथंच घावला. पोलिसांचा सत्कार झाला, गल्लीनं चौकात अभिनंदनाचा डिजिटल बोर्ड लावला. आता ह्या प्रकरणावर मालिका निघाली, शूटिंगबी कोल्हापुरातच. सोनूबाईचं मागणं एकच: "माझ्या पोरीनं त्याला धरून दिला, तेवढं दावा म्हणावं."

हे सांगायचं शेजारच्या प्रसेनजीतनं अंगावर घेतलं. गडी नववीत शाळा सोडलेला, डोक्यानं गरम, आणि असल्या मालिका बघून बघून अर्धा इन्स्पेक्टर झालेला. "आत्ती, तू काळजी करू नगंस. न्हाय दावलं तर शूटिंगच बंद पाडतो!"

डायरेक्टरनं सगळं शांतपणानं ऐकून घेतलं. "चावा खरा आहे, पण पटत नाही. मुलीनंच पकडून दिला, तर इन्स्पेक्टरनं आठ भाग काय करायचं?"

"मग निदान तिचं नाव तरी?"

"बदललं. कुटुंबाच्या भावना दुखावू नयेत म्हणून."

"आणि खुन्याचं?"

"खरंच ठेवलंय. त्याला प्रेक्षक ओळखतात."

प्रसेनजीतचं टाळकं सरकलं. त्यानं खुर्ची उचलून आपटली आणि तरातरा निघाला. डायरेक्टर त्याच्या पाठीकडं बघतच राहिला. खरा खुनी टकला, पोट सुटलेला, गालात तंबाखूचा मावा. मालिकेतल्या खुन्याला मात्र छाती, दुःखी बालपण आणि एक बासरी मंजूर झालती. फक्त खुन्याचं काम करणाऱ्या त्या हिरोला पळायला जमत नव्हतं.

"ए, थांब! तुझ्या पाठीत राग आहे. पळायच्या सीनला खुन्याची पाठ करशील?"

शूटिंग बंद पाडायचा कार्यक्रम तूर्त स्थगित झाला. आत राहून सुधारणा करावी, ह्या उदात्त हेतूनं प्रसेनजीत मेकपला बसला.

दुसऱ्या दिवशी मालिकेतली श्रुती घरातनं चोरून कुणालातरी भेटायला निघाली. "सर, ती कामावरनं येत हुती की," प्रसेनजीत म्हणला.

"पाठीला डायलॉग नसतो," डायरेक्टर म्हणला.

ते प्रसेनजीतला पटलं. मग श्रुतीचं सीन कमी होत होत नुसती तिची ओढणी उरली. ओढणी उडत मात्र झकास हुती, हे त्यानं स्वतः कबूल केलं.

मालिका आली त्या संध्याकाळी गल्लीत पडदा लागला. सोनूबाईला मानाची खुर्ची. रिमोट कलाकाराच्या हातात.

"प्रसेन, माझी पोरगी कवा येणार रं?"

"येऊन गेली की आत्ती. ती ओढणी न्हवं का."

"जरा मागं घे की बाबा. दिसली न्हाय मला."

"गप बस की जरा! माझी पाठ येतीया!"

पाठ आली. गल्लीनं शिट्ट्यांनी आभाळ फाडलं. खात्री पटावी म्हणून प्रसेनजीत लोकांकडं पाठ करून उभा राहिला. त्यामुळं सोनूबाई कवा उठून गेली ते त्याला दिसलंच न्हाय.

"मागं घे! मागं घे!" सगळी ओरडली.

त्यानं लगेच घेतलं. ओढणीपत्तूर न्हाय, पाठीपत्तूर.

आणि पावणं, हे ऐकून तुम्ही उगं हळहळत मान हलवू नका. मालिकेचं नाव काय, हे इचारायला तोंड उघडलंय तुम्ही, दिसतंय की.