मुलाखतीचा पोशाख

कपडे विकणं हे कुणा सोम्यागोम्याचं काम नाही, यावर जगातल्या सर्व विचारवंतांचं एकमत आहे, कारण त्यांच्यापैकी कुणी ते कधी केलेलं नाही. गिऱ्हाईक दुकानात शिरतं तेव्हा त्याच्या अंगावर कपडे असतातच. (नसले तर तो पोलिसांचा विषय आहे.) म्हणजे ज्याला गरज नाही त्याच्याच गळ्यात माल मारायचा. डॉक्टरनं असं केलं तर त्याला गुन्हा म्हणतात, कपड्यांच्या धंद्यात कौशल्य म्हणतात.

म्हणूनच चौकातल्या त्या चार मजली दुकानानं विक्रेते निवडण्याची जी पद्धत बसवली आहे, तिचं कौतुक करावं तेवढं थोडंच. तिथे दर आठवड्याला मुलाखती होतात. गर्दी जिन्यापर्यंत येते. परंतु उमेदवारांचा दर्जा इतका खालावला आहे, की दुकानाला अद्याप एकाचीही निवड करता आलेली नाही. शंभरातले नव्व्याण्णव नापास होतात आणि उरलेला एक जिन्यातूनच परत गेलेला असतो. एरवी दुकानात चिटपाखरू नसतं. तळमजल्यावरचे दोन जुने विक्रेते दिवसभर गप्पा छाटतात. मुलाखतीच्या दिवशी मात्र त्यांना पाणी प्यायलाही सवड मिळत नाही. (यामागचं कारण विचारणाऱ्या लोकांना व्यवस्थापनशास्त्र कळत नाही.)

धाकटीला ही नोकरी हवी होती. हौस म्हणून नव्हे. ती बहिणीच्या घरी बाहेरच्या खोलीत झोपायची. दाजी वाईट मनाचे नव्हते. त्यांनी तिला जा असं कधी म्हटलं नाही. ते फक्त पहाटे उठून तिच्या उशाशी खुर्ची ओढत आणि मोठ्यांदा वर्तमानपत्र वाचत. गेल्या आठवड्यात त्यांनी ताईमार्फत कळवलं, की पहिल्या तारखेपासून त्यांचा भाऊ राहायला येणार आहे. नोकरी लागली तर धाकटीला नोकरदार मुलींच्या वसतिगृहात खाट मिळणार होती. नाही लागली तर परत काकूकडे. काकूच्या घरात तिला नावानं हाक मारण्याची पद्धत नव्हती, कामानं मारायची. ‘अगं ए भांडी’, ‘अगं ए केर’.

“केस नीट बांध,” ताई म्हणाली, “आणि तोंड जरा आवर. मनात आलं की बोलून मोकळी होतेस.” मग दाजी आंघोळीला गेलेले बघून तिनं वसतिगृहासाठी जमवलेले पैसे धाकटीच्या पर्समध्ये कोंबले.

मुलाखतीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. तिच्या तीन भिंतींना आरसे होते आणि चौथ्या भिंतीला कपडे. निवड मंडळात तीन जण होते: एक सर, एक मॅडम, आणि एक गृहस्थ, ज्यांचं काम काय हे खुद्द सरांनाही विचारायचं धाडस झालेलं नव्हतं.

“हा कुर्ता आपल्याकडचा नाही,” मॅडम म्हणाल्या.

“ताईचा आहे.”

“उमेदवाराचं दुकानाशी नातं दिसायला हवं.”

नातं चौथ्या भिंतीवर टांगलेलंच होतं. उमेदवारांना खास सवलतही होती. (म्हणजे किंमत तीच, पण घेताना मॅडम हसून बघत.) धाकटीनं कुर्ता घेतला, आणि तिला पुढच्या फेरीस पात्र ठरवण्यात आलं.

पुढची फेरी आत्मविश्वासाची होती.

“पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?” सरांनी विचारलं.

धाकटीनं चहूकडे पाहिलं. “सर, इथे तर मी आत्ताच तीन भिंतींवर दिसतेय.”

गृहस्थांनी मान हलवली. उमेदवाराचा आत्मविश्वास खांद्यांपाशी कमी पडतो, असा मंडळाचा निष्कर्ष निघाला. सुदैवानं त्यावर जाकीट उपलब्ध होतं. जाकीट बघून पुन्हा आत यावं, असं सांगून तिला बाहेर बसवण्यात आलं.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर धाकटीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. प्रत्येक उमेदवाराच्या मांडीवर दुकानाची पिशवी होती. कुणाच्या दोन. इथे मुलाखत चाललीच नव्हती, दुकान चाललं होतं. तिचं डोकं असं भणकलं की ती उठून उभी राहिली.

तेवढ्यात शेजारच्या चष्मेवालीनं तिची बाही धरली. चष्मेवालीनं नारिंगी जाकीट चढवलं होतं आणि ते तिच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखं लोंबत होतं.

“कसं दिसतं हो? घेऊ का? घरी मी एकटीच कमावणारी आहे. आज काहीही करून निवड व्हायला हवी.”

घेऊ नकोस, घरी जा, हे शब्द धाकटीच्या ओठांवर आले. पण दार किलकिलं झालं होतं आणि फटीतून मॅडम बघत होत्या. धाकटीला काकूचं स्वयंपाकघर आठवलं.

“घे गं,” ती म्हणाली. “जसं काही तुझंच माप घेऊन शिवलंय.”

चष्मेवालीनं जाकीट घेतलं. त्यावर जाणारे बूटही घेतले. आत गेली आणि रंगाची जाण नाही म्हणून नापास होऊन आली. जाताना तिनं धाकटीचे मनापासून आभार मानले.

मग धाकटीला आत बोलावलं. गृहस्थ प्रथमच बोलले. “हिला घ्या,” ते म्हणाले.

या मुलाखतींच्या इतिहासातली ही पहिली नेमणूक. पद: उमेदवार, कायमस्वरूपी. कामाचं स्वरूप: प्रत्येक मुलाखतीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर घाबऱ्या चेहऱ्यानं बसणं, आणि शेजारच्याला धीर देणं. पगार ऐकून धाकटीला आनंद झाला. लाजही वाटली, अगदी मनापासून वाटली. पण दोन्ही एकदम वाटून घेणं अवघड जातं, म्हणून तिनं आधी सही केली. पहिल्या तारखेला ती वसतिगृहात राहायला गेली, आणि त्या रात्री चष्मेवालीच्या आठवणीनं उशीत तोंड खुपसून रडली. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर हजर होती.

आता तुम्हाला तिचा राग आला असेल. रास्तच आहे. तिच्या जागी तुम्ही असता, तर त्या मुलीला खरं काय ते सांगितलं असतं, मान ताठ ठेवून घरी गेला असता, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मुलाखतीला उभं राहण्यासाठी चांगलासा पोशाख बघायला बाहेर पडला असता. दुकानाला तुमच्याबद्दल नितांत आदर आहे. ते चालतं तुमच्यावरच.