सात लॅपटॉप आणि पहिला रुग्ण

शुक्रवारी सकाळी फिनेलसाहेबांनी लॅपटॉप उघडला, तर त्यांच्या भाषणाच्या पहिल्याच पानावर एक बाई येऊन बसलेली. बाई हसतमुख होती, हातात मोटारीची किल्ली होती आणि ‘अभिनंदन! ते भाग्यवान आपणच!’ असं तिच्या डोक्यावर लिहिलेलं होतं. साहेबांनी फुलीवर टिचकी मारून तिला घालवलं. तिच्या जागी दोघी आल्या. त्यांना घालवलं, तर टकलावर केस उगवणारं तेल, गुडघ्याचा पट्टा आणि एक लुकलुकणारा लाल चौकोन असे तिघे एकदमच आत घुसले.

“अगं, जरा बाहेर ये! माझ्या भाषणावर कुणी बाई येऊन बसलीय!”

“ओळखीची आहे का?” आतून इस्त्री करता करता बायकोनं विचारलं.

“छे!”

“मग पाणी विचारा आणि बसवून ठेवा. मी येतेच.”

फिनेलसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. चाळीस वर्षं त्यांनी आरोग्य निरीक्षकाची नोकरी केली होती. हॉटेलांची स्वयंपाकघरं, पाण्याच्या टाक्या, गटारं, शाळांचे नळ, सगळं त्यांनी जातीनं नाक खुपसून तपासलं, आणि एखादी साथ आली की ती कुणाच्या घरून निघाली हे शोधून काढल्याशिवाय ते जेवणाला शिवले नाहीत. तेव्हा लोकांनी पाठीमागे ठेवलेलं हे नाव निवृत्तीनंतर तोंडावरही चालू झालं, आणि खरं सांगायचं तर साहेबांना ते मनातून आवडायचं. आवडत नव्हती ती निवृत्ती. नऊ वर्षांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. मग गेल्या महिन्यात प्रशिक्षण केंद्राचं पत्र आलं, की नव्या साठ निरीक्षकांपुढे शनिवारी सकाळी अकरा वाजता आपण बोलावं. साहेबांनी चाळीस वर्षांचे चाळीस फोटो जमवले आणि महिनाभर खपून त्यांचं भाषण लॅपटॉपवर बसवलं. आता एकच दिवस उरला होता आणि त्या भाषणावर ही परकी माणसं ठाण मांडून बसली होती.

त्यांची लेक एका कंपनीत संगणकांची देखभाल बघायची. तिला फोन लागला.

“बाबा, मालवेअर शिरलंय. नेट बंद करा, लॅपटॉप बंद करा आणि मी येईपर्यंत कशालाही हात लावू नका. सहाला येते.”

“सहाला? आणि तोवर साथ पसरली म्हणजे?”

“बाबा, ही तुमची ती साथ नव्हे.”

“शिरलंय म्हणजे कुठून तरी आलंय ना? कुठून आलं?”

“ते मी बघते संध्याकाळी. तुम्ही फक्त स्वस्थ बसा.”

स्वस्थ बसणं सोडून साहेबांना सगळं येत होतं. त्यांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून मागच्या खोलीत नेला, बायकोला इस्त्रीसकट तिथून बाहेर काढलं आणि दारावर कागद चिकटवला: ‘विलगीकरण. कामाशिवाय प्रवेश नाही.’

“अहो, इस्त्रीलाही लागण होते का?”

“होत नाही. पण नियम सगळ्यांना सारखा.”

बायकोनं तीस वर्षांपूर्वीच त्यांच्याशी नियमांवर वाद घालणं सोडून दिलं होतं. ती जेवणाच्या टेबलावर चादर पसरून इस्त्री करू लागली. साहेबांनी कपाटातून जाडजूड नोंदवही काढली आणि पट्टीनं रकाने आखले. नाव, संपर्काची तारीख, वेळ, लक्षणं. सगळ्यात वर ‘पहिला रुग्ण’ असं लिहून पुढची जागा मोकळी सोडली. मोकळी जागा दिसली की त्यांना हुरूप यायचा.

आता संपर्क कुणाकुणाशी आला? इथे साहेबांना जरा खाकरावं लागलं. भाषण तयार झाल्यावर ते ऐकायला घरात कुणी तयार नव्हतं, म्हणून त्यांनी ते पेनड्राइव्हवर घालून इमारतभर वाटलं होतं. ‘सवडीनं बघा, मत सांगा,’ असं म्हणून एकेकाच्या गळ्यात मारलं होतं. पेनड्राइव्ह एकच, घरं सहा, दिवस आठ. निरीक्षकाच्या दृष्टीनं पाहिलं तर एवढी गलिच्छ गोष्ट त्यांनी उभ्या आयुष्यात केली नव्हती.

पहिली भेट वरच्या मजल्यावरच्या निवृत्त स्टेशनमास्तरांना.

“पेनड्राइव्ह तुमच्याकडे कधी होता?”

“सोमवारी दोन चाळीसला आला, दोन बावन्नला रवाना केला.”

“बारा मिनिटांत चाळीस फोटो पाहिलेत?”

“थांबे कमी होते,” स्टेशनमास्तर म्हणाले. पण रकाने आखलेली वही पाहून त्यांचा चेहरा उतरला. “का हो? गंभीर आहे का काही?”

“आत्ताच सांगता येणार नाही,” साहेब म्हणाले. हे वाक्य त्यांनी नोकरीत हजारदा म्हटलं होतं आणि त्यानं हजारदा लोकांची पाचावर धारण बसवली होती. “तुमचा लॅपटॉप हल्ली दमल्यासारखा वाटतो का?”

“वाटतो! उघडायला फार वेळ लावतो. लेटच असतो!”

“हं,” म्हणून साहेबांनी लिहून घेतलं. जिना उतरेपर्यंत मागून स्टेशनमास्तर लॅपटॉप उराशी धरून निघाले होते.

तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. बाई एका पेशंटच्या तोंडात आरसा घालून उभ्या होत्या.

“तुमचं ते गटारांचं ना? पाहिलं हो. खरं तर बाहेर वाट बघणाऱ्या पेशंटना लावून दिलं होतं. त्यानंतर दात काढायला कुणी कुरकुर केली नाही.”

“म्हणजे दवाखान्याच्या लॅपटॉपला लावलात?”

“हो. का?” बाईंचा हात थबकला. पेशंट तोंड उघडं ठेवून ऐकू लागला. “साहेब, त्यात सगळ्यांचे एक्स-रे आहेत!”

“घाबरू नका. घाबरण्यासारखं आहे की नाही ते संध्याकाळी ठरेल.”

रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सवाल्याकडे तर साहेबांनी भाषणाची मुखपृष्ठं छापून घेतली होती. तिथे त्यांनी काउंटरवर वही उघडली, तेव्हा रांगेतली चार माणसं मागून डोकावू लागली. चौघांचेही पेनड्राइव्ह गेल्या आठवड्यात त्याच मशीनला लागले होते. साहेबांनी चौघांचीही नावं घेतली. झेरॉक्सवाला दोन्ही हातांनी कपाळ धरून म्हणाला, “साहेब, आवाज थोडा कमी. माझं दुकान आहे हो हे!”

उरलेली घरंही झाली आणि दुपारचे चार वाजेपर्यंत फिनेलसाहेबांच्या बाहेरच्या खोलीत सहा लॅपटॉप ओळीनं मांडलेले होते. आतला धरून सात. प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली आणि चिठ्ठीवर नंबर घातलेला. दोन लॅपटॉपांमध्ये हातभर अंतर होतं, कारण पद्धत ती पद्धत. लॅपटॉप एकटे सोडून जायला मालकांचा जीव होईना, म्हणून मालकही बसून होते. खुर्च्या संपल्यावर शेजारून आणल्या. बायकोनं तिसऱ्यांदा चहा टाकला.

“अहो, लग्नघर झालंय. एवढी माणसं आपल्याकडे कधी आली होती?”

“मला काय माहीत? मी साथीत आहे,” असं म्हणून साहेब पुन्हा वहीत डोकं घालून बसले. रेघा मात्र जुळेनात. स्टेशनमास्तरांचा संशय झेरॉक्सवर, झेरॉक्सवाल्याचा दवाखान्यावर, आणि डॉक्टरीणबाईंचं म्हणणं की ज्या माणसाकडे गटारांचे चाळीस फोटो आहेत त्याच्याकडून काहीही येऊ शकतं.

सहाला लेक आली. दारात तिनं चपला काढल्या, आत पाहिलं आणि पुन्हा चपला घातल्या.

“आई, मी चुकून दुसरीकडे आले का?”

“नाही गं, ये. तुझीच वाट बघताहेत सगळे.”

बाबांनी दिवसभराचा अहवाल दिला. लेकीनं तो शेवटपर्यंत ऐकून घेतला, हे तिचे उपकार. मग ती म्हणाली, “आधी तुमचा आणा,” आणि दाराला पाठ लावून कामाला लागली. लॅपटॉप तिनं नेटशिवाय, मोजक्याच गोष्टी चालू होतील असा सुरू केला, बसवलेल्या प्रोग्रॅमांची यादी तारखेनं लावली आणि बोट खाली नेत नेत थांबली.

“बाबा, मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी काय करत होता?”

“भाषणाचं अठरावं पान पुन्हा सुधारत होतो. का?”

“तेव्हा एक प्रोग्रॅम बसवलाय. ‘महास्वच्छ’ नावाचा. सगळी भुतं त्यानं आत घेतलीत. हा पेनड्राइव्हमधून आलेला नाही. कुणीतरी ‘हो’ म्हणून बसवलाय.”

साहेबांना एकदम सगळं आठवलं. मंगळवारी पडद्याच्या मधोमध एक पाटी आली होती. ‘आपला लॅपटॉप अत्यंत घाणेरडा आहे. आत्ता साफ करायचा का?’ दुसरा कुणी असता तर त्यानं फुली मारली असती. पण चाळीस वर्षं हे वाक्य साहेबांनी दुसऱ्यांना ऐकवलेलं, त्यांना कुणी ऐकवायची ही पहिलीच वेळ. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्यांनी ‘हो’ दाबलं होतं. पाटीनं ‘नक्की?’ विचारलं, तेव्हाही दाबलं. ‘कानाकोपऱ्यापर्यंत साफ करू?’ विचारलं, तेव्हा तर जोरात दाबलं.

लेक हळूच म्हणाली, “मी सांगत नाही कुणाला.” ती पुटपुटली खरी, पण सात फुटांवर सगळे कान टवकारून बसले होते. वहीतली मोकळी जागा साहेबांकडे बघत होती. नोकरीत त्यांनी कुणाचीच गय केली नव्हती, एकदा तर खुद्द वरिष्ठांच्या घरची टाकी त्यांनी लाल शाईनं लिहिली होती. आता गय केली तर ती चाळीस वर्षं कुठे ठेवायची? त्यांनी पेन उघडलं, ‘पहिला रुग्ण’च्या पुढे स्वतःचं नाव लिहिलं आणि उभं राहून ते मोठ्यानं वाचलं.

“मंडळी, साथ माझ्यापासून निघाली. तुमचा दिवस वाया घालवला. मला माफ करा.”

बायकोच्या हातातली किटली वाकडीच राहिली. हे शेवटचं वाक्य तिनंसुद्धा त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं होतं.

“थांबा थांबा,” लेक म्हणाली. ती एव्हाना दुसऱ्या नंबरवर पोचली होती. “यातही आहे काहीतरी. पण बाबांच्यातलं नाही. हे वेगळंच आहे.”

दोन नंबर स्टेशनमास्तरांचा होता. त्यांनी पहिल्या रुग्णाकडे पाहिलं आणि घसा साफ केला. “मला आगबोटीची सफर बक्षीस लागली होती.”

“तुम्ही कुठे नाव दिलं होतं?”

“नाही. पण सुटायची वेळ दिली होती, अकरा वाजून पाच मिनिटं. एवढी नेमकी वेळ कोण खोटी सांगेल?”

“माझ्यात असेल तर ते दातांचं असेल,” डॉक्टरीणबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. “‘डॉक्टरांशिवाय दात मोत्यासारखे.’ लोकांना कसं फसवतात ते बघायला उघडलं होतं.”

“किती वेळा?” साहेबांनी सवयीनं विचारलं.

“तीन. पण तिन्ही वेळा रागानं!”

झेरॉक्सवाला तर रडकुंडीला आला होता. “माझ्याकडे आलं होतं, ‘यापुढे झेरॉक्सची गरज नाही.’ धंद्याचा प्रश्न आहे साहेब! बघायला नको?”

आणि मग बांध फुटला. एकेक जण कबूल करू लागला, दुसरा हसू लागला, हसणाऱ्याची पाळी आली की पहिला हसू लागला. साहेब लिहिता लिहिता डोळे पुसत होते. शेवटी लेकीनं निकाल दिला. कुणालाच कुणाची लागण झालेली नव्हती. प्रत्येकानं आपापला रोग स्वकष्टानं मिळवला होता. तिनं एकेका लॅपटॉपमधून तो पाहुणा उपटला, ब्राउझरला चिकटलेली बांडगुळं काढली, चांगल्या अँटिव्हायरसनं तपासणी लावून दिली आणि घरी जाऊन सगळे पासवर्ड बदला असं बजावलं. चाळीसही फोटो जागच्या जागी सापडले. आठच्या आत घर रिकामं झालं, पण जिन्यातून हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

शनिवारी अकरा वाजता साहेब प्रशिक्षण केंद्राच्या सभागृहात उभे राहिले. पहिला फोटो लावला, एका टाकीचा. साठ तरुण चेहरे अदबीनं कंटाळायच्या तयारीत होते. साहेबांनी फोटोकडे पाहिलं, चेहऱ्यांकडे पाहिलं आणि लॅपटॉप मिटला.

“चाळीस वर्षांत मला कुणी आपणहून खरं सांगितलं नाही,” ते म्हणाले. “झाकण मी उघडायचं आणि लोकांनी नाही म्हणायचं, असंच चाललं. काल संध्याकाळी मात्र सहा जणांनी पाच मिनिटांत जबाब दिले. का दिले, ते सांगतो.”

आणि त्यांनी सगळं सांगितलं, किल्लीवाल्या बाईपासून ‘महास्वच्छ’पर्यंत. मग विचारलं, “आता खरं सांगा. या खोलीत असं ‘हो’ दाबलेलं कोण कोण आहे?”

मग पहिल्या रांगेत, अगदी कडेला, एक हात जेमतेम खांद्यापर्यंत वर आला. तो केंद्राच्या प्राचार्यबाईंचा होता.

“‘विद्यार्थी आठवड्यात शिस्तीत आणा,’” बाई म्हणाल्या. “अजूनही रोज सकाळी येतं.”

सभागृहात हशा पिकला. मागच्या बाकांवरून धडाधड हात वर आले आणि प्रत्येकाला आधी आपलंच सांगायचं होतं. नोकरीत असताना साहेब कुठल्याही खोलीत शिरले, की माणसं काहीतरी निमित्त काढून उठून जायची. त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली, दुसऱ्या तासाची झाली, तरी एकही जण जागचा उठला नाही.