आजोबांचा मेंढपाळ

सासूबाई जत्रेला येणार म्हणून डॉर्कस घर धुऊन काढत होती. जत्रेला चांगले सहा आठवडे होते, पण सासूबाई त्या सासूबाई! बायकोला जरा हातभार लावावा, असं ईनक टनिक्लिफच्या मनात आलं (इथेच चुकलं) आणि चुलीवरच्या फळीवर त्याने फडकं मारलं.

फळीवर मातीची जोडी होती, हिरव्या-तपकिरी झिलईची. मेंढपाळ आणि मेंढपाळीण, दोन्ही डॉर्कसच्या आजोबांच्या हातची. आजोबा गेले, साचेही गेले. सासूबाईंनी ती जीवापाड जपली होती, आणि लग्नानंतर दहा वर्षांनी 'आता जावयाचा भरवसा आला' म्हणत लेकीला दिली होती.

फडकं फिरलं आणि मेंढपाळाचे सात तुकडे झाले.

ईनकच्या तोंडचं पाणी पळालं. पण गडी बर्स्लेम या कुंभारांच्या गावातला जुना कुंभार. त्याने तुकडे कोटाच्या खिशात कोंबले.

"अगं, मेंढपाळ धुराने काळा पडलाय. कारखान्यात धुऊन आणतो."

"एकट्यालाच? आणि ती?"

"तिचा नंबर नंतर."

कारखान्यात त्याने तुकडे चिकटवले, प्लास्टरचा साचा घेतला, माती दाबली, दोनदा भट्टीत घातली. मेंढपाळ झाला झकास! डॉर्कस विहिरीवर गेल्याचं बघून त्याने तो फळीवर ठेवला, तर तो मेंढपाळिणीच्या जेमतेम खांद्याला लागला.

भाजली की माती आटते, हे ईनकला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. वीस वर्षं नवख्यांना तो हेच तर शिकवत होता.

आता इलाज एकच, तिलाही तेवढंच करायचं. ईनकने दोघांना कोटात घातलं.

"पुन्हा धुवायला?" दारात डॉर्कसने विचारलं.

"पहिल्यांदा नीट निघालं नाही गं."

मेंढपाळिणीचा साचा उत्तम निघाला. फक्त साच्यातून सुटताना ती स्वतः फुटली. (हेही नवख्यांना शिकवायचा तो.)

जत्रेच्या दिवशी नवी जोडी फळीवर शोभत होती. सासूबाई ओटची धिरडी आणि चीज खाता खाता थांबल्या.

"जावईबापू, ही आमचीच ना?"

"म्हणजे काय आई, तुमचीच."

"लहान वाटतात हो."

"आई, माणूस गेलं की त्याच्या हातच्या वस्तू आठवणीत मोठ्या होतात."

हे वाक्य त्याने आठवडाभर घोकलं होतं. सासूबाई उठल्या. त्यांनी मेंढपाळ हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. ते बघून ईनकचा धीर सुटला.

"आई, माझ्या हातून फुटला हो! तुमच्या वडिलांची आठवण होती... दोन्ही फुटली. ही मी केलीत. आटली."

"अहो!" डॉर्कस किंचाळली. "आणि मला सांगता धुऊन आणली?"

सासूबाईंचे खांदे हलत होते. रडता रडता त्या हसत होत्या.

"तू गप गं. बाबांनी केलेली जोडी ही एवढी होती." त्यांनी हात मेंढपाळाच्या डोक्यापासून चांगला वीतभर वर नेला. "आमच्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं, तुझ्या बापाने ती फोडली आणि गुपचूप दुसरी करून ठेवली. मी लगेच ओळखलं. म्हटलं, लहान वाटतात. तर म्हणाले, बाई, आठवणीत वस्तू मोठ्या होतात!"

ईनकच्या जिवात जीव आला. त्याने खुर्ची ओढली, छाती पुढे काढली.

"म्हणजे सासरेबुवासुद्धा माझ्यासारखेच!"

"छे हो," धिरड्याचा तुकडा मोडत सासूबाई म्हणाल्या, "त्यांनी मरेपर्यंत कबूल केलं नाही. तेवढी अक्कल होती त्यांना."